शेरा

दर तासाला फोन वाजायचा.
पलीकडून जशुभाई परमार, आजव्याच्या पाळीवरून.
आधी खोकला, मग आकडा, मग तेच दोन शब्द:
"लखो, शिर्केबेन."
मी लिहायचे. फूट, इंच, वेळ, सही.
शेरा हा शेवटचा रकाना
सव्वीस वर्षं बहुतेक कोराच.

टेबलाच्या काचेखाली एक तक्ता होता,
कडांनी पिवळा, जुलैवर चहाच्या कपाचा डाग.
अमुक तारखेला तलावात अमुक इतकं पाणी.
वर गेलं तर दरवाजे उचला, खाली असेल तर थांबा.
कुणीतरी पन्नास पावसाळे एकावर एक रचून
त्यांची सरासरी काढली होती.
आमंत्रणाच्या यादीत दरवर्षी पहिलं नाव तिचं,
आणि दरवर्षी न येणारीही तीच.
सरासरीएवढा पाऊस
मी एकदाही पडताना पाहिला नाही.

पूर्वी निदान आसपास असायचा,
चार आणे कमी, चार आणे जास्त.
आता जुलै सबंध कोरडा.
तलावात म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या
आणि वरून विचारणा: पाणीकपात कधीपासून?
मग एका रात्रीत पावागढाकडून
अख्खा श्रावण, भादव्याची उसनवारी धरून.

त्या सोमवारी आकडा तक्त्याच्या दोन बोटं वर होता.
सोडलं, आणि पुढे आलाच नाही, तर मेमध्ये शहर काय पिणार?
धरलं, आणि आलाच, तर?
साहेब म्हणाले, "जूनमधला मोर्चा विसरलात?"
कसा विसरणार. बायकांनी दारात फोडलेल्या मडक्यांच्या खापऱ्या
मीच गोळा केल्या होत्या.
आम्ही धरलं.
"आम्ही" मुद्दाम लिहिते आहे. सही माझीही आहे.

रात्री दोनला जशुभाई खोकला नाही.
नुसता आकडा. तास व्हायच्या आत दुसरा.
मग म्हणाला, "बेन, घरे फोन करो."

विश्वामित्री काही मोठी नदी नव्हे.
एरवी पुलावर लोक नाकाला रुमाल लावतात.
भराव, भिंती, पार्किंग, असं करत करत
तिला लहानपणीच्याच पोलक्यात कोंबलेलं.
त्या रात्री ती शिवणीशिवणीतून उसवली.

मुजमहुड्याला घरात शिरता आलं तिसऱ्या दिवशी.
जिन्याच्या चौथ्या पायरीवर मगर,
माझ्या पलंगाएवढी लांब, डोळे अर्धे मिटलेले,
पाठीवर चिखल वाळत आलेला.
वनखात्याची पोरं येईपर्यंत दोन तास
आम्ही एकमेकींकडे बघत होतो.
एरवी ती ऊन खाते तो काठ पाण्याखाली
आणि माझा जिना कोरडा.
तिचाही कुठला तरी तक्ता चुकला असावा.

ती गेल्यावर शिवणाच्या डब्यातली टेप काढली.
भिंतीवरची रेघ: चार फूट दहा इंच,
माझ्या भुवईला लागून.
दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेऱ्याच्या रकान्यात तेवढंच लिहिलं.
साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला,
खोडा म्हणाले नाहीत.

आता मे आहे. गल्लीत टँकर.
काचेखाली नवा तक्ता, तीन रंगांत, संगणकानं काढलेला.
आकडा तलावातलं यंत्र पाठवतं. ते खोकत नाही.
जशुभाई निवृत्त झाला तरी रविवारी पाळीवर जातो,
आणि मग मला फोन.
परवा म्हणाला, टिटवीनं अंडी घातलीत,
पार वरच्या दगडांत,
इतक्या वर त्यानं कधी पाहिली नव्हती.

टिटवीला काय कळतं, मला माहीत नाही.
मला काय कळतं, तेही धडसं माहीत नाही.
वही उघडीच होती.
"लखो," तो म्हणाला.