आधी भिजव

रबाळ्याच्या एमआयडीसीत
बंद पडलेल्या डाइंगच्या शेडवर
सकाळी सातला आम्ही पाणी मारतो.
जोरात नाही. फवारून, कुंडीतल्या रोपाला मारतात तसं.
पाण्यात थोडा साबण.
बादलीत फेस आला की योसेफ म्हणतो,
"चला, म्हातारीची आंघोळ."

पत्रा कोरडा असेल तर हात लावायचा नाही.
हा पहिला नियम, शेवटचाही हाच.
मधले कागदावर आहेत,
कागद गेटवरच्या वॉचमनकडे.

बोल्ट गंजून पन्हाळीत रुतलेत.
ग्राइंडर लावला तर दोन मिनिटांचं काम.
ग्राइंडर लावायचा नाही.
कटरनं बोल्टची मान धरायची
आणि दात काढणाऱ्या डॉक्टरसारखं बोलत राहायचं,
झालं, झालं, हे आता झालंच.

मग चौघांनी चार कोपरे.
रुखवतातलं आरशाचं कपाट उतरवावं
तसा एकेक पत्रा खाली.
जाड प्लास्टिकात दोनदा गुंडाळून
कडांना चिकटपट्टी, वर लाल अक्षरं.
तळोज्याची गाडी गुरुवारी येते.

पदू भोईर रोज कुंपणाशी उभा.
शेड बांधली तेव्हा हे पत्रे यानंच चढवले.
"अनवाणी," म्हणतो, "आणि करवतीनं कापलं.
पीठ उडायचं. पापण्या पांढऱ्याफेक.
आम्ही एकमेकांना हसायचो,
म्हातारा झालास रे, म्हणून."
बोलताना थांबतो, श्वास घ्यायला,
दर पावणेदोन वाक्यांनी.
मी मोजलंय. मास्कच्या आत
मोजण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

"चांगलं पत्रं हायेत," म्हणतो.
"माणसं पुरावीत. पत्रं कसली पुरता?"

मंगळवारी एकशे तेरा होते.
बुधवारी एकशे बारा.
प्लास्टिक कापून एक काढलेला,
आणि कापलेली जागा पुन्हा नीट चिकटवलेली.
असली हातोटी ओळखायला पोलीस लागत नाहीत.

इलठणपाड्याच्या चढावर त्याचं घर.
पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवा टाकलेला,
अजून ठोकलेला नव्हता.
हातोडी हातात, खिळा ओठांत.

चढ चढताना मी सगळं पाठ केलं होतं:
तंतू, फुप्फुस, वीस वर्षं, तीस वर्षं.
त्यानं ओठांतला खिळा काढला.
"माहीत हाय मला. डॉक्टरनं फोटू दाखवलाय माझा.
कोंबडी कुठं जगते तीस वर्षं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
कागदावरही नसावं.

तेवढ्यात खुराड्यातून त्याची नात बाहेर आली,
रांगत, मागच्या मागे,
सात-आठ वर्षांची, मुठीत अंडं.
केसांवर काहीतरी भुरभुरलेलं.
कोंडा असेल. भुसा असेल.
पत्र्याचा एक कोपरा मोडला होता, तिच्या डोक्याच्या वरचाच.

पदूनं कोपरा पाहिला. मग तिचे केस.
झटकायला हात उचलला
आणि तसाच हवेत ठेवला.

"आयेला सांग, डोक्यावरून पाणी घाल.
झटकू नको म्हणावं.
आणि दार लावून घे."

खिळा खिशात टाकला.
मोरीत गेला, बराच वेळ आतून
फक्त नळाचा आवाज,
मग भरलेली बादली घेऊन आला,
मध्ये दोनदा टेकवत.

माझ्याकडे न बघता विचारलं,
"साबण किती टाकता?"