कान दिसू देत

बावीस वर्षं मी कळव्याच्या नाक्यावर
पासपोर्टचे फोटो काढले.
हनुवटी जरा वर. खांदे सरळ. हसू नका.
केस मागे घ्या, कान दिसू देत.
चार मिनिटांत माणूस आठ प्रती होऊन
कागदी पाकिटातून बाहेर पडायचा.

आता ऐरोलीला, दिवा गावात,
कुंदाबाई मढवींकडे चौथ्यांदा आलेय
शेठचा फोटो काढायला.
शेठ म्हणजे कुत्रा. ओल्या वाळूच्या रंगाचा,
डावा डोळा कधीचाच मिटलेला,
आणि गेल्या दिवाळीपासून
कुठे 'टिक्' वाजलं तरी कॉटखाली.

पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहिला.
त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यापाशी बसले,
कुंदाबाईंच्या सुपातल्या वालाच्या शेंगा सोलत.
त्याने माझ्या चपला हुंगल्या.
उजवी पसंत पडली.
डावीबद्दल त्याने मत राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा फरशीवर ठेवून दिला,
टोपणासकट, विसरल्यासारखा.
मी त्याच्या उजव्या अंगाला बसते.
न दिसणाऱ्या बाजूने येतो
तो पाहुणा असला तरी चोरच.

तिसऱ्या दिवशी टोपण काढलं.
भिंगात त्याला एक कुत्रा दिसला, तोही एका डोळ्याचा.
बराच वेळ दोघं
एकमेकांना काही विचारत नव्हते.
मग त्याने नाक टेकवलं आणि निघून गेला.

"यवरा येल?" कुंदाबाई म्हणाल्या,
"आमचे लगनाचं फोटू येके घंट्यान झालतं."
मी म्हटलं, झाले असतील.
त्यातला एकही भिंतीवर नव्हता.
एका पुरात अल्बम खाडीचं पाणी प्याला, त्या म्हणाल्या,
आणि भिंतीकडे बोट केलं:
रेशनकार्डावरून मोठे केलेले मढवी,
मोठे होता होता धुरकट झालेले,
हनुवटी वर, खांदे सरळ.
कान दोन्ही दिसतायत.

शेठचे कान मला आता वाचता येतात.
सैल असले की हात पुढे करायचा, तोही खालून.
एक उभा, एक आडवा, म्हणजे विचार चाललाय.
मागे, कवटीला चिकटले
की मी थांबते. कॅमेरा खाली ठेवते,
जांभई देते, दुसरीकडे बघते.

मढवींकडे बघत बसले त्या दिवशी.
माणसाचे कान मागे जात नाहीत.
एवढीच अडचण होती.
नाहीतर बावीस वर्षांत
कितींदा मला थांबावं लागलं असतं,
त्या लाल पडद्यापुढे, स्टुलावर,
हसू नका म्हटल्यावर लगेच
न हसणाऱ्या माणसांपाशी.

आज साडेचारला
रुळापलीकडच्या काचेच्या इमारतीवरून
ऊन उलटून कुंदाबाईंच्या दारात आलं.
वीस मिनिटं टिकतं म्हणाल्या,
त्यातच त्या सुकट निवडून घेतात.
मी फरशीवर आडवी, गाल लादीला,
कॅमेऱ्याचा आवाज बंद केलेला.
शेठ आला, त्या उसन्या उन्हात बसला,
मग पाय पसरले, मग पोट,
मग एक उसासा, म्हाताऱ्या माणसासारखा.
कान सैल. अगदी सैल.
मी श्वास सोडला तेव्हा बोट आपसूक दाबलं गेलं.

एकच निघाला. त्यात
मिटलेला डोळा आणि उघडा डोळा
दोन्ही उन्हात आहेत,
आणि खाली कोपऱ्यात एक पुसट डाग,
त्याच्याच नाकाचा, परवाचा.
तो मी मुद्दाम ठेवला होता.

कुंदाबाईंनी पडद्यावर बघितलं.
बघतच राहिल्या, हात सुकटीचे, लांब धरलेले.
मी विचारलं, तुमचाही काढू का?
त्यांनी पदर सारखा केला,
हनुवटी वर, खांदे सरळ,
केस कानांमागे घेतले.

मी कॅमेरा खाली ठेवला.
म्हटलं, आधी ते सूप इकडे द्या.
सुकट किती राहिलीय निवडायची?