रंगाचं पिंप

डाईंगवाल्याकडून आणलं तेव्हा पिंप बाहेरून निळं होतं,
आतून लालभडक.
तीनदा घासलं. चौथ्यांदा वाळूनं.
तरी पहिल्या पाण्याला बुडाच्या भोकातून
गुलाबी ओघळ निघाला
आणि गच्चीच्या उतारानं, पन्हाळीतून, थेट
भूमय्याच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या लुंगीवर.
तो खालून तेलुगूत जे बोलला
ते इथं लिहीत नाही.

वर्षभर त्यात नुसता झेंडू ठेवला.
पाणी नितळ उतरायला लागलं तेव्हा
मोहोळच्या वाटेवरून डाळिंबाचं कलम आणलं,
एसटीत, मांडीवर घेऊन.
कंडक्टर म्हणाला, याचं हाफ काढू का बे?

आमची गच्ची बारा बाय नऊ.
टाकी, डिश आणि वाळवणाची खाट सोडून
जे उरतं त्यात
तेलाच्या डब्यात अंबाडी
(राजव्वा तिला पुंटीकुरा म्हणते,
अंबाडी म्हटलं की आंबटपणा कमी होतो, म्हणते),
फुटक्या घमेल्यात कोथिंबीर,
सिमेंटच्या गोणीत वांगी,
आणि कठड्याच्या सळईला सुतानं बांधलेला दोडका.

सूत मला विकत घ्यावं लागत नाही.
तीस वर्षं जेकार्डवर चादरी काढल्या.
कार्डाला भोकं पाडायची, फूल उमटायचं,
दर अठरा इंचाला तेच फूल,
त्याच पाकळीची तीच वाकडी कड.
दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं
हे मला साठाव्या वर्षी कळलं.
त्या वेळेला मी मागावर असायचो.

राजव्वा झाडांशी बोलत वगैरे नाही.
बिड्या वळून झाल्या की सुपातलं कातरण
मुळांवर पसरते, ऊन अडायला.
माव्यावर तंबाखूच्या चुऱ्याचं पाणी.
किडीला शिंका येत असतील का गं, मी विचारलं.
चाळीस वर्षं मला येतात, ती म्हणाली,
कुणी विचारलं नाही.

पाणी पाचव्या दिवशी. तेही रात्री अडीचला.
मधल्या दिवसांसाठी
सेकंडच्या टॉवेलच्या चिंध्या पिळून वाती केल्या,
एक टोक घागरीत, एक मुळाशी.
बेचाळीसच्या उन्हात झाड त्यातून पाणी ओढतं,
आजारी माणूस चमच्यानं पितो तसं.

तिसऱ्या वर्षी डाळिंबाला एकच फळ टिकलं.
राजव्वानं त्याला जुन्या पोलक्याची बाही चढवली,
पाखरांना दिसू नये म्हणून.
मग उजनीची लाइन फुटली.
आठ दिवस नळ कोरडा, घागर कोरडी,
वाती कडक भाकरीसारख्या मोडायच्या.
नवव्या रात्री पाणी आलं
आणि मी येड्यासारख्या दोन बादल्या
एकदम ओतल्या पिंपात.

सकाळी बाहीवर ओला लाल डाग.
मला आधी वाटलं, पुन्हा पिंपाचा रंग सुटला.
बाही काढली.
फळ देठापासून बुडापर्यंत उललेलं,
आतले दाणे उघडे,
एक मुंगळा आधीच कामावर.

मी खाटेवर बसून राहिलो.
कार्डात भोक चुकलं तर चादर उसवून
पुन्हा लावता यायची.

राजव्वानं सूप आणलं. मुंगळा झटकला.
फळ सोललं आणि हाताच्या सवयीनं
दाणे मोजून वेगळे करत गेली,
पंचविसाचा एक कट्टा, पंचविसाचा दुसरा.
चौदा कट्टे भरले, वर नऊ दाणे.
छाट किती निघाली, मी विचारलं.
ती मान वर न करता म्हणाली,
इथं चेकर आहे का कुणी?

नऊ दाणे तिनं माझ्या हातावर ठेवले.
एक कट्टा वाटीत घालून, वर ताटली झाकून
खाली पाठवला भूमय्याकडं.
लुंगीचा म्हणून सांग, म्हणाली.

वाटी अजून परत आलेली नाही.