पाचशे चाळीस ग्रॅम

तेवीस वर्षं उदगीरच्या पोस्टात
काउंटरवर बसून मी दुसऱ्यांची वजनं केली.
राख्या, लोणचं, परीक्षेचे अर्ज,
सौदीतल्या मुलाला आईनं धाडलेल्या चपला.
आज जेवणाच्या सुट्टीत त्याच काट्यावर
माझ्याच नावाची दोन पार्सलं उघडून ठेवली.
एक सातशे ऐंशी.
दुसरं पाचशे चाळीस, निव्वळ.

दोन्ही स्लीपिंग बॅगा, आत बदकाची लव.
दोन्हींवर लिहिलंय, उन्हाळ्यासाठी.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: पाच अंशांपर्यंत.
कुणाचा उन्हाळा?
बाहेर बेचाळीस आहे.
शिक्क्याची गादी दर तासाला सुकते
आणि कूलर दुपारपासून नुसताच वाजतोय.

जूनमध्ये अकरा दिवस, हिमाचलात,
सगळं आपल्याच पाठीवर.
उजवा गुडघा दाबत डॉक्टर म्हणाले,
जा, पण आठ किलोच्या वर नको.
तेव्हापासून वहीत ग्रॅम मांडते.
टूथब्रशची दांडी कापली.
कंगवा निम्मा केला.
दोनशे चाळीसचा फरक म्हणजे
आमच्याकडच्या अडीच भाकरी.
भाकरी खाऊन तरी संपतात.

संध्याकाळी दोन्ही घेऊन चौबाऱ्यामागं
मौलासाब नद्दाफांकडे गेले.
त्यांनी आधी हात धुतले, पुसले,
मग एकेक बॅग मुठीत आवळून सोडली
आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत बसले.
जड बॅग उठली, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखी.
हलकी फुगली भाकरीसारखी, एकदम.
"माल चोख हाय," म्हणाले. "पण दाबून नका ठेवू बाई.
घरात असताना खुंटीला ढिलं टांगा.
दाबलं की मरतंय."
एका शिवणीतून पीस डोकावत होतं.
मी उपटायला गेले, तर हात धरला.
पलीकडच्या बाजूनं चिमटीत पकडून
त्यांनी ते हळूच परत आत ओढून घेतलं.

मग विचारलं, "आन् खाली काय घालणार?
पाठीखालचं तर दबणारच की."

सतरा दिवस मी माहितीपत्रकं वाचत होते.

तिथंच ठरलं. हलकी ठेवायची,
वाचलेलं वजन चटईला.

रात्री गच्चीवर आत शिरून पाहिलं.
चेन हनुवटीपर्यंत, टोपीची नाडी ओढून,
कूस वळता येते का, गुडघा मुडपतो का.
शेजारच्या गच्चीवर ओल्या चादरी पांघरलेली पोरं
उठून बसली आणि खिदळायला लागली.
बाजेवरनं आई म्हणाली,
"काय करूलालीस गं? उकडून मरूलालीस का?"
मी म्हणाले, माप बघते.
ती बराच वेळ गप्प.
मग आभाळाकडंच तोंड करून,
"सातव्या महिन्याची तू. दीड किलोची.
ह्याच मौलासाबच्या बापानं पिंजून दिलेल्या कापसात
सव्वा महिना ठेवलं होतं तुला.
तेव्हाबी मे होता."
आणि कूस बदलून झोपली.

मला घाम फुटला होता.
घामानं लव बसते, हे वाचलेलं होतं,
तरी आणखी थोडा वेळ
मी बाहेर आले नाही.

सकाळी जड बॅग परत पाठवायला काढली.
दोरी, लाख, माझाच शिक्का.
फॉर्मवर रकाना होता: परतीचं कारण.
रांगेतले सगळे घड्याळं बघत होते.
लिहिलं, वजन.
मग तेही काट्यावर ठेवलं,
सवयीनं.