पुराव्यातला शब्द

हेगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेते.
सहा देशांचे पोलीस एका टेबलाशी बसतात,
कॉफी एकाच मशीनची, कुरकुर सहा भाषांतली.
वीत्स्केबाई म्हणतात, पैसा धुऊन निघतो,
सर्व्हर रातोरात मुक्काम हलवतात,
टोपणनावांचं तर विचारूच नका.
तुम्ही फक्त बोलणं वाचत राहा, इलिंका.

वाचत राहिले. एकोणीस महिने.
रात्री दोनला ते भांडायचे,
वाटणीवरून, फुटबॉलवरून,
फ्लांडर्समधल्या त्या इस्पितळाकडून किती उकळायचं यावरून.
तिथे तेव्हा सगळे पडदे काळे पडलेले
आणि नर्सेस रुग्णांच्या मनगटांवर
पेनानं रक्तगट लिहीत होत्या.
'बिचारे,' एकानं लिहिलं, पुढे हसरा चेहरा.
त्याचंही भाषांतर करावं लागतं.
मी लिहिलं: हसरा चेहरा.

मग मार्चमध्ये, अशाच फालतू गप्पांत,
तोच म्हणाला, आई पावाचं टोक माझ्यासाठी राखून ठेवते.
'टोक' नाही म्हणाला.
त्याला आमच्याकडे एक शब्द आहे,
नीस्त्रूच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही.
बाबा भट्टीवरून आले की
आम्ही तिघी बहिणी त्या शब्दासाठी
एकमेकींच्या झिंज्या ओढायचो.
तो इथे लिहीत नाही.
तो आता पुराव्यात जमा आहे, पाकीट क्रमांकासह.

दुपारपर्यंत कुणाला काही बोलले नाही.
जेवणाच्या सुट्टीत तळ्याला दोन फेऱ्या मारल्या,
बदकं बघितली.
मग वीत्स्केबाईंचं दार वाजवलं
आणि मोल्दोव्हाच्या नकाशावर बोट ठेवलं.
बोटाखाली आमची शाळाही झाकली गेली.

जूनमध्ये, एकाच मिनिटाला,
पाच शहरांत दारं फुटली.
आमच्या गावातलं फोडावं लागलं नाही.
आई दूध काढायला गोठ्यात गेलेली, दार सताड उघडं.
चौपन्न मिनिटांचं रेकॉर्डिंग आलं माझ्याकडे.
कुत्रा. बूट. हात वर.
एक कोवळा आवाज विचारतो,
लॅपटॉप मिटू का? इतका नम्रपणे,
की मला तो आधी पोलीसच वाटला.
मग बाईचा आवाज: पाय पुसा, गालिचा आहे.
बराच वेळ ड्रॉवर उघडल्याचे आवाज.
आणि पुन्हा तीच: रात्रभर जागाय तो, उपाशी आहे,
निदान हे तरी नेऊ द्या त्याला,
आणि तो शब्द.

थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं.
भाषांतराच्या रकान्यात लिहिलं: पावाचा तुकडा.
अचूक नाही.
कोर्टाला चालेल.