नाताळची पाळी

"पंचवीसला चालेल ना तुम्हाला? तुमचा नसतो ना हा सण,"
ऑक्टोबरात रोटा भरताना कॉलिन म्हणतो, पेन आधीच माझ्या नावावर.
नऊ वर्षं मी म्हणतेय, चालेल.
पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं.
आता उसवायला गेलं तर सगळं अस्तरच निघेल.

तर दहा ते एक. अख्ख्या ग्रिम्सबीत आज
एवढ्या एकाच दुकानात दिवा. बाहेर मासळीच्या वासाचा वारा,
बंद बेकरी, बंद बँक,
फूटपाथवर कुणाची तरी एक लाल टोपी, ओली.

पहिली बाई कागदी मुकुट घालूनच आली,
बोटं टर्कीच्या ट्रेने भाजलेली.
मलम लावून देईपर्यंत चारदा म्हणाली, पहाटे पाचपासून उठलेय मी,
आणि पाचव्यांदा म्हणताना रडली.
मुकुट मात्र काढला नाही.

तन्वीरला खोकल्याचं औषध हवं, गाडी बाहेर चालूच.
दुप्पट भाडं, बाजी, दुप्पट!

युर्गिताचं कालच झालं. बारा पदार्थ, एकातही मांस नाही,
एक ताट न आलेल्या माणसासाठी.
आज ती नुसती झोपणार आहे. मासे कापायचं मशीन थांबलं
की कान दुखतात, म्हणते.
त्यावर माझ्याकडे औषध नाही.

कीरनचा हिरवा डोस मी मोजून देते, तो माझ्यासमोरच पितो,
नियम आहे. मग पाण्याचा घोट. मग तोंड उघडून दाखवणं.
आज त्याने दाढी केलीय.
"आई म्हणाली, ये. जेवणापुरता."
खिशातून साबणाची वडी काढली: गुंडाळून द्याल?
चकचकीत कागद नव्हता. औषधाची पांढरी पिशवी उलटी केली,
घडी घातली, वर जखमेची चिकटपट्टी लावली.
छान दिसतंय, म्हणाला.
तसं दिसत नव्हतं.

मग एक मुलगी, अठराची असेल-नसेल. चाचणीचा खोका,
त्यावर झाकायला टूथपेस्ट.
नाणी मोजता मोजता माझ्या छातीवरची पट्टी वाचत राहिली,
सु-वा-र-ता. असंच म्हणतात का?
हो, असंच.
अर्थ तिने विचारला नाही,
आणि त्या खोक्याकडे बघून मीही सांगितला नाही.

नगरला आमच्याकडे ख्रिसमस नव्हता, नाताळ होता.
रात्री दोनला गळ्यात पेटी अडकवून निघायचे गाणारे,
मागे कुत्री, चौथ्या घरी चहा.
अण्णांच्या कामट्यांच्या ताऱ्याची खळ वाळलेली नसायचीच,
एक टोक दरवर्षी मान खाली घालून.
आणि शेजारच्या देवचक्के काकूंचं दिवाळीच्या फराळाचं ताट!
रिकामं परत द्यायचं नसतं,
म्हणून ते आमच्याकडेच मुक्कामाला राहायचं,
मग करंज्या भरून, क्रोशाच्या रुमालाखाली, घरी जायचं.
वर्षातून दोनदाच काम त्याला,
पण दोन्ही घरांची वाट पाठ.

एकला दहा कमी असताना मिस्टर हॅक्सबी.
खोकला नाही त्यांना, चघळायच्या गोळ्या मात्र दरवर्षी.
ट्रॉलरवर असताना नाताळ म्हणजे रमचा एक जादा घोट,
बाकी तेच जाळं, तेच बर्फ. समुद्र सुट्टी देत नाही.
तेव्हा घरी बायको होती.
आता ते घरी असतात.

गेल्या वर्षी बिस्किटांचा डबा ठेवून गेले होते काउंटरवर.
तो मी खालून काढला. जड होता;
रात्री बारापर्यंत तळत होते.
त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला,
एक उचलून उभ्यानेच चावली,
पुठ्ठ्याच्या रेनडिअरवर सारण सांडलं.
"हे काय असतं?"
"करंजी. आमच्या नाताळची."
"तुमच्या?"

घड्याळात एक वाजून गेला होता.
मी शटर अर्धंच ओढलं
आणि आतली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.