दामण

फेब्रुवारीत बाबांच्या डोक्यातली एक नस फुटली
आणि ओहोटीनंतर खडक उघडे पडावेत
तसे जहाजाचे शब्द तेवढे उरले.
भात गेला. पाणी गेलं.
म्वानाखामिस हे माझं नाव, तेही.

लामूच्या इस्पितळातली पोरगेली बाई म्हणाली,
काय बोलतात ते लिहून ठेवा, अर्थासकट.
मी मुलीची अर्धी कोरी वही घेतली.
जन्म मटोंडोनीतला, जिथे पाळण्यातली पोरं
सुतारांच्या ठोक्यांवर झोपतात,
तरी चाळिशीत मला नाळ कुठली नि पिछाडी कुठली
एवढंच ठाऊक.
बाई जहाजावर चढली की वारा रुसतो,
हे मात्र पाठ.

पहिल्या दिवशी म्हणाले, "पाणी उपसा."
आम्ही बादली शोधली, छप्पर पाहिलं.
त्यांना लघवीला जायचं होतं.
"परबाण उतरवा" म्हणजे मच्छरदाणी.
"सुकाणू" म्हणजे चमचा;
नुसता नव्हे, माझ्या हातातला.
"नांगर" कधी उशी, कधी चपला,
आणि एकदा आईच्या खाटेची रिकामी बाजू.
ते मी लिहिलं नाही.

दुपारी कुपी येतो.
तीस वर्षं त्यांच्या हाताखालचा खलाशी,
अंगाला अजून मुशीच्या तेलाचा वास.
तो वहीत बोटाने शीड काढून दाखवतो:
पुढचा कोपरा बांधायचा, ती गोस.
मागचा दोर हातात धरायचा, ती दामण.
"बांधायची नाही?"
"कधीच नाही. वावटळ सांगून येते का?
लालीचा थोरला गाठ मारून झोपला होता."
मग बराच वेळ तो काडेपेटी शोधत राहिला.

जहाज सहा वर्षांपूर्वी विकलं.
आता त्यावर गाद्या, पाहुणे, फळांचा रस.
नाळेवरचे लाकडी डोळे त्यांनी निळे रंगवलेत.
संध्याकाळी ते खिडकीसमोरून जातं.
बाबा बघतात, आणि काहीच म्हणत नाहीत,
ज्यांना शिव्यासुद्धा शिडाच्याच येतात ते.

काल रात्री मी उठायला गेले
तर त्यांनी डाव्या मुठीत
माझ्या लेसोचं टोक धरलं. म्हणाले, "दामण."
ओढ? की सोड?
सकाळी कुपीला विचारलं.
तो हसला. "शब्द एकच गं.
ओढायची की सोडायची ते
नाखुद्याच्या चेहऱ्याकडे बघून कळतं."

चेहरा अर्धा उतरलेला.
उरलेल्या अर्ध्याकडे मी दिवसभर बघत होते.
मासे करपले, पोरगी ओरडली.
वहीत शब्द लिहिलाय, समोर जागा ठेवलीय.
आता पुन्हा रात्र आहे.
टोक त्यांच्या मुठीत आहे,
आणि लेसोला मी गाठ मारलेली नाही.